लक्ष नसतं असं नाही, ऐकूच येत नाही : ट्रॅक्टर, ब्लोअर आणि आपले कान



या पानावर मी एरवी छाटणी, डाऊनी, पाणी, खतं असल्या नोंदी टाकतो. आज कानाची नोंद टाकतोय. लांब आहे, पण ज्यांच्या घरात ट्रॅक्टर, ब्लोअर, मळणी मशीन नाहीतर नुसतं कडबा कुट्टी जरी असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. कृषी खात्यातल्या आणि कंपन्यांतल्या कृषी पदवीधर मित्रांनीही वाचावी, शेवटी त्यांच्यासाठी दोन शब्द आहेत.

आधी घडलं ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटरच्या डिलिव्हरी पाईपचा जोड गळत होता. माझा थोरला पोरगा पान्हा घेऊन खाली फळीवर उतरला. मी वर स्टार्टरपाशी उभा. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू होता. खालनं पोरगा ओरडला. मला ऐकू आलं, "आबा, चालू करा." मी हिरवं बटण दाबलं.

तो ओरडला होता, "आबा, थांबा, चालू करू नका, नट राहिलाय."

जोड सुटला, पाण्याचा फटका छातीवर बसला आणि पोरगा फळीवरनं खाली पडला. विहिरीत पाणी होतं आणि त्याला पोहता येतं म्हणून वाचला. पडताना खांदा शिडीवर आपटून निखळला. दीड महिना हात गळ्यात होता. पाणी आटलेलं असतं तर आज मी ही नोंद लिहीत बसलो नसतो.

घरात, गावात सगळे एकच बोलले, आबांचं लक्ष नव्हतं. मीही तेच धरून चाललो. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी मालकीण म्हणाली, "तुमचं लक्ष नसतं असं मी पाच वर्षं म्हणत आलेय. पण त्या दिवशी तर तुम्ही कान देऊन उभे होता की. मग ऐकू कसं आलं नाही? एकदा कान दाखवा."

मी गेलो मिरजेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं आधी कान बघितले. मळ नाही, पडदा चांगला. मग एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाज सगळे ऐकू आले. बारीक आवाजांच्या वेळी मी नुसता बसून राहिलो. बाहेर मालकीण उभी होती, तिला वाटलं मशीन बंद पडलं.

डॉक्टरनं कागद दाखवला. जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडे जाणारी रेघ, दोन्ही कानांची. सुरुवातीला बरी चालली आहे आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास एकदम खड्ड्यात गेली आहे. त्याच्या पुढं परत थोडी वर आली आहे. त्यांनी विचारलं, "कुठल्या मिलमध्ये होता?" म्हणलं, मिलमध्ये नाही, शेती करतो. "मग मशीन कुठलं चालवता?"

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा हिशेब केला. तेहतीस वर्षं ट्रॅक्टर. त्यातली वीस वर्षं द्राक्षबागेत ब्लोअर, घरचा आणि भाड्यानं लोकांचाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल जाईपर्यंत हंगामात रोज चार-पाच तास. सोयाबीन, शाळूच्या दिवसात मळणी. मधली सहा वर्षं कारखान्याला ऊस ओढला. एकदाही कानात काही घातलं नाही. रुमाल बांधला तो धुळीसाठी.

डॉक्टर म्हणाले, वयानं कान गेला तर रेघ शेवटाकडं उतरत जाते. अशी मधेच खड्डा पडून परत वर येत असेल तर बहुतेक वेळा ते आवाजाचं काम असतं. आणि यावर औषध नाही.

आता हे का होतं ते मला समजलं तसं सांगतो. कानाच्या पडद्याच्या आत, पार खोल, गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाच्या लाटेनं ते केस हलतात आणि मेंदूला खबर जाते. वाऱ्यानं गहू लवतो आणि परत उभा राहतो तसं समजा. वादळ मोठं असेल तर गहू लोळतो. एक-दोनदा लोळलेला गहू उठतोही, पण रोज लोळवला तर ताट मोडतं. गव्हाचं आपण पुढच्या वर्षी परत पेरतो. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ना गोळीनं, ना तेलानं, ना काढ्यानं.

आवाजानं पहिल्यांदा मार खातात त्या बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी. आपल्या बोलण्यातले क, त, स, श, फ असले आवाज बारीक असतात. अ, आ, ओ हे जाड असतात. त्यामुळं माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. "साल" की "चाल" की "ताल", अंदाजानं धरायचं. बायकांचा आणि पोरांचा आवाज आधी जातो, कारण तो बारीक असतो. गड्याचा आवाज येतो, मालकिणीचा येत नाही. मग घरात भांडण, की माझंच तेवढं ऐकायचं नसतं तुम्हाला. शांत खोलीत समोरासमोर बोलणं जमतं. लग्नात, बाजारात, पारावर चार माणसांत काही लागत नाही. माझी नात चार वर्षांची आहे, कानात येऊन गुपित सांगते. मी दोन वर्षं नुसती मान हलवत होतो. तिनं काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही.

तर मंडळी, आज माझं म्हणणं एवढंच आहे. शेतकऱ्याचा कान मशीनच्या आवाजानं जातो. तो दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कुणी त्याला इजा म्हणत नाही. घरचे म्हणतात लक्ष नाही, गाव म्हणतं वय झालं, आपण म्हणतो सवय झाली. तिन्ही खोटं आहे. आणि जे गेल्यावर परत येत नाही ते वाचवायला दहा-वीस रुपयांची वस्तू पुरते, ती एकाही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये नसते. ती असायला पाहिजे.

"सवय होते" याबद्दल थोडं बोलतो, कारण आपल्याकडं सगळ्यात घातक समजूत ती आहे. दिवसभर मळणी करून घरी आलो की कानाला दडे बसतात, लोक लांबून बोलल्यासारखे वाटतात, आत किर्रर्र आवाज येतो. सकाळी उठलं की मोकळं. आपण म्हणतो, बरं झालं. तो दडा म्हणजे आतला गहू लोळला होता. सकाळी बराचसा उठला, पण सगळा उठला असेलच असं नाही. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की एक दिवस दडे बसायचे बंद होतात. नव्या गड्याला मशीनजवळ त्रास होतो आणि आपल्याला होत नाही, याचा अर्थ आपला कान तयार झाला असा नाही. आपल्या कानातलं तेवढं पीक गेलंय. आणि रातकिड्यासारखा तो आवाज मात्र मुक्कामाला राहतो. माझ्या कानात तो चोवीस तास आहे. रात्री बारा वाजता गाव शांत झाल्यावर सगळ्यात मोठा वाटतो.

आता आकड्यांकडे येऊ. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ते गणित एकर-गुंठ्यासारखं सरळ नाही. ३ डेसिबल वाढला की आवाजाची ताकद दुप्पट होते. साधं बोलणं साधारण ६० च्या आसपास. ८५ च्या पुढं रोज आठ तास राहिलं की कानाला धोका सुरू होतो असं जगभरातले आरोग्यवाले धरतात. त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८५ ला आठ तास, ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं.

आता आपली मशीनं बघा. बिनकेबिनचा ट्रॅक्टर लोडवर चालला की ड्रायव्हरच्या कानाशी आवाज नव्वदीत असतो. मळणी मशीनही नव्वदीच्या घरात. झाडं कापायचा चेनसॉ शंभरच्या वर. मी फोनवरच्या ॲपनं माझ्या ब्लोअरचा आवाज सीटवर बसून मोजला. ९६ ते ९९ दाखवत होता. फोनचा आकडा तंतोतंत नसतो हे मान्य, पण अंदाज येतो. म्हणजे अर्ध्या तासाचं काम मी पाच तास करत होतो, वीस वर्षं.

आपल्या देशात कारखान्यांसाठी नियम आहेत. तिथं ९० डेसिबलला आठ तास ही हद्द आहे, म्हणजे मघाशी सांगितलेल्या हिशेबापेक्षा ढिलीच. पण हद्द आहे. कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत जे व्यवसायजन्य आजार दिले होते, त्यात आवाजानं येणारा बहिरेपणा होता. म्हणजे कागदावर का होईना, कारखान्यातल्या कामगाराचा कान हा कायद्याच्या नजरेत कान आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारे माझे पाहुणे आहेत. घरी जेवतानाही ते मोठ्यानं बोलतात, आम्ही त्यांना हसायचो. आता माझी नात मला म्हणते, आबा, ओरडू नका.

शेत हा कारखाना नाही. स्वतःच्या रानात स्वतःच्या ट्रॅक्टरवर बसलेल्याला इन्स्पेक्टर नाही, तपासणी नाही, हद्द नाही. शेतकरी अपघाताची सरकारी मदत योजना आहे आणि चांगली आहे. मृत्यू, हात, पाय, डोळा यासाठी मदत मिळते. पण कान अपघातानं जात नाही, तो हप्त्याहप्त्यानं जातो. तारीख काय लिहिणार? मी कायद्याची वाट बघा म्हणत नाही. उलट म्हणतो, की आपल्याकडं बघायला कुणी येणार नाही, म्हणून आपणच बघायचं.

आता काही लोक म्हणतील, जरा कमी ऐकू आलं तर काय बिघडलं, तेवढीच शांतता. मीही ही थट्टा केलीय. पण बिघडतं बरंच. मागनं येणारी गाडी ऐकू येत नाही. पीटीओजवळ गेलेला गडी ओरडला तरी कळत नाही. गवतातलं फुसकारणं ऐकू येत नाही. बेअरिंग जायला लागलं की आधी बारीक शिट्टी मारतं, ती मला ऐकू यायची बंद झाल्यापासून दोन बेअरिंगं जाम होईपर्यंत कळली नाहीत. खर्च कानाचाच, बिल मशीनच्या नावावर फाटलं.

शिवाय हा त्रास कानापाशी थांबत नाही. मोठ्या आवाजात राहिलं की शरीर ताणात राहतं, रक्तदाब वाढतो, झोप बिघडते, चिडचिड होते, हे संशोधनातनं पुढं आलं आहे. ब्लोअर मारून आलेला माणूस संध्याकाळी उगाच खेकसतो हे तुमच्याही घरात बघितलं असेल. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०१७ सालच्या अहवालात, मध्यम वयात कमी ऐकू येणं हे पुढं स्मृतिभ्रंश होण्याच्या टाळता येण्यासारख्या कारणांत धरलं आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस पारावर जायचा थांबतो, फोन घेत नाही, एकटा पडतो. मी स्वतः दोन वर्षं सोसायटीच्या मीटिंगला गेलो नाही. कारण सांगायचो की वेळ नाही.

मग करायचं काय? मला डॉक्टरनं सांगितलं ते आणि मी वर्षभर वापरून बघितलं ते, दोन्ही लिहितो.

पहिली गोष्ट, ओळखायचं कसं. हातभर अंतरावर, म्हणजे तीन फुटांवर उभ्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तिथला आवाज कानाला घातक धरायचा. ॲप नको, मीटर नको.

दुसरी, कापसाचा बोळा चालत नाही. टापशी, उपरणं, माकडटोपी यानंही आवाज थांबत नाही. मोबाईलचे इअरफोन घालून गाणी लावणं तर उलटं काम आहे. इंजिनाच्या वर गाणं ऐकू यायला आवाज आणखी वाढवतो, म्हणजे मार दुप्पट. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर पोरं मोठमोठे स्पीकर बांधून चालवतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. पोरांनो, हौस कळते मला, मीही डेक लावूनच ऊस ओढलाय. पण इंजिन एका बाजूनं आणि स्पीकर दुसऱ्या बाजूनं, कानाला मधे विसावाच नाही.

तिसरी, स्पंजचे इअरप्लग. मेडिकलमध्ये नाहीतर हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतात. मी वीस रुपयांना जोडी घेतली. घालायची पद्धत मात्र आहे, नाहीतर उपयोग शून्य. हात धुवायचे. प्लग बोटात गोल फिरवून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागनं नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, म्हणजे कानाचं भोक सरळ होतं. मग प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा, घागरीत बोलल्यासारखा वाटतो. बाहेर लोंबत असेल तर बसलेला नाही.

चौथी, फवारणीसाठी इअरमफ बरे, म्हणजे हेडफोनसारखे बाहेरनं कान झाकणारे. याचं कारण द्राक्षवाल्यांना लगेच पटेल. औषध कालवलेल्या हातानं प्लग चोळून कानात घालणं म्हणजे औषध कानात घालणं. मफ वरनं लावता येतो, काढता येतो, पुसता येतो. मी साडेचारशेचा घेतला. टोपीची कड किंवा चष्म्याची काडी मधे आली की फट राहते आणि आवाज आत येतो, तेवढं बघायचं. उन्हात घाम येतो, खरं आहे. पण फवारणी आपण पहाटे नाहीतर संध्याकाळीच करतो.

पाचवी, मशीनकडं बघा. सायलेन्सरला भोक पडलं की आपण तीन-तीन वर्षं तसाच चालवतो, उलट म्हणतो, ट्रॅक्टर दणक्यात चालतोय. सायलेन्सर बदला. पत्रे खडखडत असतील तर नटबोल्ट आवळा, बेअरिंगला वंगण द्या. मळणीच्या वेळी ज्यांचं काम मशीनजवळ नाही त्यांनी लांब बसा. उघड्या रानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे पाच फुटांवरनं दहा फुटांवर गेलं तरी फरक पडतो. जेवणाची सुट्टी मशीनच्या सावलीत करू नका. गड्यांची पाळी बदलत ठेवा.

सहावी, बायका आणि पोरं. कडबा कुट्टी रोज कोण चालवतं? बहुतेक घरात बाईमाणूस. तेही पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आवाज आदळून परत येतो. मळणीत पेंड्या देणारी बाई तोंडाला पदर बांधते, कान उघडा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरगं बसवून रानात फिरवायची आपली पद्धत आहे. पडायची भीती तर आहेच, पण त्याचा कोवळा कान त्याच आवाजात आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. माझी दोन्ही पोरं त्या मडगार्डवरच वाढली.

आता लोकांचे सवाल. पहिला, प्लग घातला तर हाक ऐकू येणार नाही, अपघात होईल. मीही हाच मुद्दा डॉक्टरकडे काढला. ते म्हणाले, चालू ब्लोअरवर तुम्हाला आत्ता तरी हाक येते का? येत नाही. प्लगनं इंजिन आणि हाक दोन्ही सारखेच कमी होतात. मशीनजवळ हाकेवर विसंबायचंच नाही, हातानं खूण करायची. आमच्यात आता नियम आहे : हात वर आडवा म्हणजे थांब, आणि समोरच्यानं अंगठा दाखवल्याशिवाय कुणी बटण दाबायचं नाही. विहिरीवर तर खाली माणूस असताना स्टार्टरचा फ्यूज काढून तो खालच्या माणसाच्या खिशात ठेवायचा. ही अक्कल खांदा निखळल्यावर आली, पण आली.

दुसरा, इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची तब्येत कळते, प्लग घातला तर कसं कळणार? पहिले आठ-दहा दिवस चुकल्यासारखं वाटतं. मग त्या कमी आवाजातही लोड, मिसिंग, सगळं कळायला लागतं. प्लग घालून कळतं, पण कान गेल्यावर मुळीच कळत नाही, हे मी दोन बेअरिंगं देऊन शिकलोय.

तिसरा, लोक हसतात. हसतात, खरं आहे. मला पहिल्या दिवशी मफ घातलेला बघून विमान कुठं उतरवणार म्हणून विचारलं. मी म्हणलं, तुझ्या बागेत. पंधरा दिवसांनी त्यानंच दुकानाचं नाव विचारलं.

ज्यांचा कान आधीच गेलाय त्यांनीही उरलेला वाचवायचा आहे. जिल्हा रुग्णालयात नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये तपासणीची चौकशी करा. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त नुकसान असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते दिव्यांगत्वात मोडतं, प्रमाणपत्र मिळतं, श्रवणयंत्रासाठी सरकारी मदतीची सोय आहे. आपल्यातले बरेच जण त्या आकड्याच्या अलीकडेच असतात. त्यांना प्रमाणपत्र नाही, पण ऐकू येत नाही हेही खरं. मी त्यांतला. दोन्ही कानांना यंत्र लावलंय, घरच्या पैशानं. पहिला महिना ताट-वाटीचा आवाजही डोक्यात जायचा. आता सरावलंय. ट्रॅक्टरवर ते काढून डबीत ठेवतो आणि मफ लावतो, कारण यंत्र आवाज वाढवतं, अडवत नाही. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग याला कशाला लाजायचं? पहिल्या दिवशी नातीनं कानात सांगितलं ते लागलं. मांजरीला पिल्लं झाली आहेत, आजीला सांगू नका, एवढंच होतं.

आता कृषीवाल्या मित्रांसाठी. तुम्ही फवारणीचं वेळापत्रक देता. त्यात औषध, प्रमाण, काढणीपूर्व काळ लिहिता, हातमोजे, मास्क, चष्मा लिहिता. तिथंच एक ओळ वाढवा : ब्लोअरवर कान झाकावेत. प्रात्यक्षिकाला याल तेव्हा तुम्ही स्वतः घालून उभे राहा, आमचे लोक सांगितलेलं कमी आणि बघितलेलं जास्त करतात. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणीची संस्था आहे. तिच्या अहवालात ड्रायव्हरच्या कानाशी किती आवाज येतो तो आकडा असतो. एचपी आणि डिझेलचा खप आम्हाला पाठ असतो, कानाचा आकडा एकाही विक्रेत्यानं मला कधी सांगितला नाही. शेतकऱ्यांनो, पुढचा ट्रॅक्टर घेताना तो विचारा. चार जणांनी विचारला की विक्रेता पाठ करून ठेवील.

आणि यांत्रिकीकरणाच्या अनुदानात ट्रॅक्टर, ब्लोअर, मळणी मशीन महाडीबीटीवरनं मिळतात. लाखाच्या मशीनबरोबर पाचशे रुपयांचा मफ सक्तीनं द्यायला सरकारला अवघड नाही. ज्या मशीनला सरकार पैसे देतं, त्या मशीनवर बसणाऱ्याच्या कानाचं बघणंही त्याच अनुदानात बसलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी तर मी एकच सांगतो. टूलबॉक्समध्ये पान्हा, पक्कड, ग्रीसची डबी असते, तिथं एक डबी प्लगची ठेवा. किल्ली फिरवायच्या आधी कानात. कुणाच्या बागेत भाड्यानं गेला तरी तेच. आणि गडी लावत असाल तर त्यालाही द्या, त्याच्या हजेरीतनं कापू नका.

आज सकाळी पोरगा ब्लोअर घेऊन शेजारच्या बागेत गेला. मफ लावूनच गेला. जाताना वळून काहीतरी बोलला. इंजिन चालू होतं, मला काही लागलं नाही. मी हात वर केला, तो थांबला, इंजिन बंद करून परत बोलला. डिझेल आणून ठेवा म्हणत होता.

तुमच्या घरात कुणाचं "लक्ष नसतं" असेल तर त्याच्याशी भांडायच्या आधी एकदा कान तपासून आणा. आणि तुम्ही काय वापरता, कितीला घेतलं, उन्हात टिकतं का, ते खाली लिहा, सगळ्यांच्या कामी येईल. पुढची नोंद खरड छाटणीनंतरच्या पाण्याची.

राम राम.